वीव्हर्सच्या दारावरचं नाव

"आणि मग विल्फनं मला असं मानगुटीला धरलं," सिरिलनं स्वतःच्याच मानेमागे हात नेऊन दाखवलं, "आणि दिलं भिरकावून. थेट रस्त्यावर." हॉल हसला. मागच्या रांगेत कुणीतरी मांडीवर थाप मारली. लोर्ना डकवर्थ हसली नाही. जिना संपला असं वाटून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं तिला झालं. विल्फनं? तिनं शेजारी पाहिलं. आई मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती. एकोणनव्वदाव्या वर्षी सकाळी आठला जाऊन केस सेट करून आली होती, निळा कोट ब्रश करून घातला होता, आणि तिच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नव्हती. हिला ऐकू आलं नाही की काय, असं वाटायला जागाच नव्हती, कारण कानातलं यंत्र बसमध्ये लोर्नानंच नीट बसवून दिलं होतं. ऐकू आलं होतं. विल्फ म्हणजे विल्फ्रेड डकवर्थ, लोर्नाचा बाप, जाऊन पंचवीस वर्षं झालेला. त्यानं जन्मात कुणाच्या मानगुटीला हात घातला नव्हता. कुणाशी हस्तांदोलन करायची वेळ आली तरी त्याला घाम फुटायचा.

हेझलडेनच्या लायब्ररीचा वरचा हॉल, शनिवारची दुपार, बाहेर नेहमीचं करडं आभाळ. साठेक माणसं. बहुतेक सगळी म्हातारी, सगळ्यांच्या अंगाला कोटांचा ओलसर वास. समोर पडद्याजवळ मिस्टर टॅटरसॉल उभा. एके काळी भूगोल शिकवायचा, आता निवृत्त झाल्यावर गावाचा इतिहास गोळा करतो. आजचा विषय होता 'वीव्हर्स', म्हणजे विणकर, गावाच्या मधोमध, बाजारपेठेच्या कोपऱ्यावर दीडशे वर्षं उभा असलेला पब. पाच वर्षांपूर्वी पाडला. पाडला म्हणजे काय, नगरपालिकेतल्या शहाण्यांनी सांगितलं की इथं काचेचा मॉल होणार, तीन मजली, वर सिनेमा. लोकांनी माना डोलावल्या. मग पब पाडला, त्याच्या शेजारचं चांभाराचं दुकान पाडलं, लोकरीचं दुकान पाडलं, आणि मॉलवाला पळून गेला. आता तिथं गाड्या उभ्या राहतात. लोर्नाला त्या जागेवरून जायचं असलं तर ती वळसा घालून जाते. पब वाचवायला तिनं तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं. दारोदार हिंडून सह्या घेतल्या, मीटिंगांमध्ये उभी राहून बोलली. ज्यांना मिशासुद्धा धड फुटल्या नव्हत्या अशा नगरपालिकेतल्या पोरांनी तिला सांगितलं, की मॅडम, भावना समजतात आम्हाला, पण इमारतीला वास्तुशास्त्रीय महत्त्व नाही. तिनं त्यांना कपभर चहासुद्धा पाजला नसता. वास्तुशास्त्रीय महत्त्व! माझी आई एकोणीस वर्षं त्या फरशीवर उभी होती, त्याला काय म्हणता तुम्ही? असं ती म्हणाली होती. त्यांनी लिहून घेतल्यासारखं केलं होतं.

आणि आता हेच लोक तिथं पाटी लावणार होते. गाड्या लावतात त्या जागेच्या भिंतीवर, पितळेची. पाडायचं आणि पाटी लावायची, हद्द झाली. पण लोर्नानं राग गिळला होता, कारण पाटीवर वीव्हर्सचा इतिहास येणार होता आणि इतिहासात आई येणार होती. मजकूर टॅटरसॉलनं केला होता. आज तो वाचून दाखवणार, कुणाची हरकत असली तर आजच सांगायची, सोमवारी पाटी ओतायला जाणार. एवढ्यासाठी तिनं आईला आणलं होतं. "तुझं नाव वाचतील बघ सगळ्यांसमोर," ती बसमध्ये म्हणाली होती. आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "वाचू देत की."

पडद्यावर वीव्हर्सचं दार आलं. हॉलमधून एक सुस्कारा गेला, एखाद्या मेलेल्या माणसाचा तरुणपणीचा फोटो बघून जातो तसा. हिरवं दार, वरच्या चौकटीवर पांढऱ्या अक्षरात परवानेदाराचं नाव, कायद्यानं लिहावंच लागायचं ते: विल्फ्रेड डकवर्थ. सही त्याची, नाव त्याचं. बिअरची कंपनी पब भाड्यानं द्यायची ती नवरा-बायकोच्या जोडीला, पण कागद नवऱ्याच्या नावावर. बाईच्या एकटीच्या नावावर देत नसत. विधवा झाली तर सामान बांधायला महिना देत. लोर्ना सहा वर्षांची होती तेव्हा ते तिथं राहायला गेले. वर तीन खोल्या, खाली पब. पहिलं वर्ष बाबा खाली उभा राहायचा. ग्लास भरायचा, हसायचा. मग तो अर्धा वेळ उभा राहू लागला. मग एक दिवस भरल्या पबमध्ये त्यानं हातातला ग्लास हळूच खाली ठेवला, जिना चढून वर गेला, आणि त्यानंतर पब उघडा असताना तो कधी खाली आला नाही. दारू नव्हे. दारूला तो शिवतही नसे. त्याला माणसांची भीती बसली होती. चार माणसं एकत्र दिसली की त्याचा श्वास अडकायचा, हात गार पडायचे. डॉक्टर म्हणाला नर्व्हज, टॉनिक दिलं. पहाटे, सगळं रिकामं असताना, तो खाली यायचा आणि पितळ घासायचा. नळांच्या मुठी, पायाखालची दांडी, दाराची कडी. इतकी सुंदर घासायचा, की कंपनीचा माणूस आला की म्हणायचा, डकवर्थसारखा मालक जिल्ह्यात नाही. "आहेत कुठे?" असं तो माणूस विचारायचा, आणि आई काही बोलायच्या आतच गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी डोमिनोच्या डावावरून मान न उचलता सांगायचं, "विल्फ ना? तळघरात आहे. पिंप बदलतोय." कधी म्हणत, बँकेत गेलाय. कधी, दात काढायला गेलाय. विल्फचे दात काढून काढून बत्तीसचे चाळीस झाले असतील. सगळ्या गावानं ते खोटं वाटून घेतलं होतं. बाबा खाली येत नाही हे कंपनीला कळलं असतं तर पब गेला असता, आणि पब गेला असता तर वरच्या तीन खोल्याही गेल्या असत्या. सगळी कापडगिरणीतली माणसं, यंत्रांच्या आवाजानं अर्धी बहिरी, हातांना तेलाचा वास, पण एकानंही तोंड उघडलं नाही. लोर्नाला या गोष्टीचं आयुष्यभर कौतुक वाटत आलं होतं. सभेत ती हेच बोलली होती, की तो पब नव्हता, ते एक घर होतं, आणि घरातली माणसं एकमेकांना झाकत होती.

आणि आता हीच माणसं आपल्याच थापेवर विश्वास ठेवून बसली होती. टॅटरसॉलनं घरोघरी जाऊन आठवणी गोळा केल्या होत्या, आणि प्रत्येकानं त्याला विल्फ सांगितला होता. विल्फ कसा शिस्तीचा, विल्फ कसा कमी बोलायचा, विल्फनं अमक्याच्या बापाच्या अंत्यविधीला सगळ्यांना कसं जेवू घातलं. लोर्नाच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. ते जेवण आईनं केलं होतं! बटाटे सोलून सोलून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. पिंपं आईनं लोटली, भांडणं आईनं सोडवली, पब बंद करायच्या वेळी घंटा आईनं वाजवली, आणि ओकलेलंही आईनंच पुसलं. आणि सिरिल! सिरिल पॉमफ्रेट, पंचाहत्तरीचा, गालांवर लाली, मिशीला काहीतरी लावलेलं, समोर दोन नातवंडं बसवून गोष्ट सांगत होता. त्या संध्याकाळी लोर्ना पंधरा वर्षांची होती आणि वर बाबाजवळ बसली होती. खाली नेहमीचा कालवा. मग कालवा थांबला, आणि जिन्याच्या तळाशी सिरिलचा आवाज आला, "विल्फ! ए विल्फ! खाली ये की, तोंड तरी दाखव! बायकोच्या पदराखाली किती दिवस लपशील?" आणि पहिल्या पायरीवर बूट वाजला, दुसऱ्या पायरीवर वाजला. बाबानं रेडिओचा आवाज मोठा केला. मोठा, आणखी मोठा. मग तो रेडिओला दोन्ही हातांनी धरून बसला. त्याच्या शर्टाची पाठ हळूहळू ओली होत गेली, आणि ती ते बघत राहिली, कारण त्याच्या चेहऱ्याकडे बघणं तिला शक्य नव्हतं. मग तिनं दार किलकिलं करून खाली पाहिलं. आईनं सिरिलला मागून कोटाच्या कॉलरला धरलं होतं आणि ती त्याला जिन्यावरून खाली, पबमधून, दारातून बाहेर ओढत नेत होती. एक शब्द न बोलता. पाच फूट उंचीची बाई. ग्लास हातात तसेच धरून सगळा पब बघत होता. लोर्नाच्या मनात आईचं एकच चित्र कायमचं उरलेलं होतं, आणि ते हे होतं. तिचं लग्न मोडलं तेव्हा तिनं ते आठवलं होतं. नोकरीत साहेबानं तिचा पाणउतारा केला तेव्हाही. ते चित्र आता या माणसानं मिशीला पीळ देत बाबाच्या खात्यावर टाकलं होतं. बाबाच्या, जो वर बसून थरथरत होता. ही चोरी नव्हे तर काय?

"आणि दुसऱ्या दिवशी," सिरिल सांगत होता, "मी जरा भीतभीतच गेलो, तर विल्फच्या पबमध्ये माझं स्वागत झालं हो. फुकट बिअर. दिलदार माणूस." लोक टाळ्या वाजवू लागले. टॅटरसॉलनं चष्मा लावला. "तर मंडळी, पाटीचा मजकूर. इथे वीव्हर्स हा पब होता. याचे अखेरचे ख्यातनाम मालक विल्फ्रेड डकवर्थ यांनी एकोणीस वर्षं..."

"थांबा," लोर्ना म्हणाली. ती केव्हा उभी राहिली हे तिलाच कळलं नव्हतं. पासष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखतात, पण खुर्ची मागे पडून आवाज झाला. "माझी हरकत आहे. तो पब माझ्या आईनं चालवला. अल्मा डकवर्थनं. माझा बाप अठरा वर्षं खाली आला नाही. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे." घसे खाकरले गेले. पुढच्या रांगेतली एक बाई वळून मायेनं म्हणाली, "अगं, बायकांचा हातभार तर असायचाच गं. आमच्या आईनंसुद्धा..." "हातभार नव्हे," लोर्ना म्हणाली. "सगळं. आणि सिरिल, तुम्हाला कॉलरला कुणी धरलं? नातवंडांकडे बघू नका, माझ्याकडे बघा. कुणी धरलं?" सिरिलची लाली वाढली. "पोरी, पन्नास वर्षं झाली," तो म्हणाला. "मला तर विल्फच आठवतो." आणि तिला दिसलं की तो खोटं बोलत नाहीये. निदान पूर्ण खोटं नाही. इतक्या वेळा सांगितलंय की आता त्याच्या मानेला बाबाचाच हात आठवतो. याचा तिला आणखीच संताप आला. खोटारड्याला निदान खोटारडा तरी म्हणता येतं. टॅटरसॉल मात्र भला माणूस. त्यानं कागद खाली ठेवला आणि विचारलं, "मिसेस डकवर्थ, तुम्हीच सांगा. चुकत असेल तर आपण बदलू. तुमचं नाव घालू." साठ माना वळल्या. लोर्ना खाली बसली. आता आई बोलेल. आता एकदाचं.

आई उभी राहिली नाही. पर्सची कडी उघडून तिनं रुमाल काढला, नाक पुसलं, रुमाल परत ठेवला. "लोर्ना म्हणते ते खरं आहे," ती म्हणाली. आवाज बारीक, पण शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. "विल्फ वर असायचा. मी खाली. सिरिलला मी काढला. दुसऱ्या दिवशीचं मात्र लोर्नाला माहीत नाही, ती शाळेत होती." मग ती सिरिलकडे वळली. "तू दुपारी आलास. म्हणालास, माफी माग नाहीतर संध्याकाळी कंपनीला फोन करतो. सगळ्यांसमोर माग म्हणालास. मी मागितली. मग म्हणालास, हसून माग. मी हसून मागितली. ग्लास भरून दिला. हे सगळे बसले होते. डोमिनो खेळत होते." सिरिल काहीतरी बोलायला गेला, पण त्याची नात त्याच्याकडे बघत होती. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अल्मा, आम्ही सांभाळून घेतलं गं तुला." "घेतलंत की," आई म्हणाली. "एकोणीस वर्षं घेतलंत. आणि रोज मला त्याची आठवण करून दिलीत. तुमच्या घाणेरड्या जोकवर हसले, कारण सांभाळून घेत होतात. येताजाता कमरेला हात लावलात, तेही चालवून घेतलं, कारण सांभाळून घेत होतात. माझ्या केसांतला पबचा वास जायचा नाही. रविवारी धुवायची आणि सोमवारी परत." टॅटरसॉलनं पेन उघडलं होतं. "मग मिसेस डकवर्थ, पाटीवर आपण लिहू, अल्मा डकवर्थ यांनी..." "माझं नाव घालू नका," आई म्हणाली. "विल्फचं ठेवा. त्याला पितळ आवडायचं. माझं त्या जागेवर काही नकोय." मग ती लोर्नाला म्हणाली, "कोट दे."

खाली रस्त्यावर वारा होता. बसस्टॉप नेमका त्या मोकळ्या जागेसमोर. लोर्नाला आज वळसा घालायचं सुचलं नाही. तिच्या तोंडात कडू चव होती. वर टाळ्या वाजल्या नव्हत्या, कुणी थांबवायला आलं नव्हतं, टॅटरसॉल फक्त दार धरून उभा राहिला होता. माफी मागितली. हसून. ती मनातल्या त्या चित्राकडे पुन्हा बघायला गेली, कॉलर, पाच फुटांची बाई, गप्प पब. चित्र होतं तिथंच, पण आता त्याच्या पुढचा दिवस दिसत होता आणि तो पुसता येत नव्हता. सिरिलचा राग आला, डोमिनोवाल्यांचा आला, त्यांच्या मेलेल्या बापांचा आला, बाबाचाही आला. त्यानं रेडिओचा आवाज मोठा केला होता. तो तसाच हातात धरून बसला होता. आणि मग, कुठे ठेवावा हे न कळून, राग शेजारी उभ्या असलेल्या या निळ्या कोटावर आला.

"मग मी तीन वर्षं कशाला भांडत होते?" ती म्हणाली. "तुझ्यासाठीच ना? तुझी जागा वाचावी म्हणून. पाडलं त्या दिवशी मला बघवलं नाही. घरी रडत बसले होते. तुला सारखे फोन केले, तू उचलेनास. वाटलं, हिला सहन होत नाहीये."

"मी घरी नव्हते," आई म्हणाली. "इथं होते. टॅक्सी करून आले. त्या तिथं बाक होता तेव्हा." तिनं हातमोजा घातलेलं बोट दाखवलं. "गरम चिप्स घेतल्या. व्हिनेगर भरपूर घालून. पहिल्यांदा वरची भिंत गेली. आपल्या खोलीच्या भिंतीवरचा कागद दिसला, पिवळ्या फुलांचा, बाहेरून सगळ्या गावाला. मग पुढची खोली. ती पडायला वेळ लागला. चांगली बांधलेली होती. मी शेवटपर्यंत बसले. घरी जाऊन झोपले ती सकाळपर्यंत जाग नाही."

लोर्ना बघत राहिली. आईच्या चेहऱ्यावर रंग चढला होता, आणि तो वाऱ्यानं चढला नव्हता. बाबाच्या अंत्यविधीला, लोर्नाच्या लग्नात, कुठेच तिनं आईला अशी पाहिली नव्हती. तीन वर्षं ती ज्या बाईच्या नावानं सह्या गोळा करत फिरली, त्या बाईला तिनं एकदा फोन करून विचारायला हवं होतं. एवढं साधं. तिनं विचारलं नव्हतं, आणि आईनंही सांगितलं नव्हतं. सह्यांच्या पहिल्या पानावर आईची सही होती, लोर्नानंच पेन हातात दिलं होतं.

"मला सांगितलं का नाहीस?" लोर्ना म्हणाली. आवाज चिरकला याची तिला लाज वाटली.

"तू इतकी खूश होतीस भांडताना," आई म्हणाली.

समोरच्या जागेत एक माणूस गाडी मागे घेत होता, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा नीट लावली. उतरून त्यानं दार बंद केलं आणि कुणाकडेही न बघता बाजाराकडे निघून गेला.

"टॅटरसॉलला सोमवारी फोन करते," लोर्ना म्हणाली. "काय सांगू? पाटीवर काय लिहायचं?"

"पाटी कशाला हवीय," आई म्हणाली. ती गाड्यांच्या रांगा बघत होती, एकेक करून, अगदी निवांत. "गाड्या लावू देत लोकांना. बऱ्या दिसतात."